बेथोव्हेनचे यकृत, पित्ताशयातील रेती आणि आपण विचारतो तो प्रश्न

२७ मार्च १८२७, व्हिएन्ना. आदल्या दिवशी निधन पावलेल्या लुडविग व्हान बेथोव्हेनच्या देहाचे शवविच्छेदन त्याच्या राहत्या घरीच झाले. डॉ. योहान वाग्नर यांनी लॅटिनमध्ये लिहिलेला त्याचा अहवाल आज उपलब्ध आहे. संगीताच्या इतिहासात तो बहुधा कानांसाठी वाचला जातो. आजच्या धाग्यात आपण तो पोटासाठी वाचणार आहोत.

यकृत आक्रसून निम्मे झालेले, चामड्यासारखे चिवट, हिरवट-निळसर, त्यावर घेवड्याच्या दाण्याएवढ्या गाठी. प्लीहा दुपटीहून मोठी. उदरपोकळीत पाणी. आणि पित्ताशयात गडद तपकिरी द्रव व त्यात भरपूर रेतीसारखा खर.

हा शेवटचा तपशील बहुतेक चरित्रकार एका वाक्यात ओलांडून जातात. वास्तविक यकृत व पित्ताशय ही एकाच संसाराची दोन माणसे. यकृत पित्त तयार करते, पित्ताशय ते साठवते. यकृत निबर झाले (यालाच सिऱ्होसिस म्हणतात, हे नाव फ्रेंच वैद्य लाएनेक यांनी १८१९ साली दिले) की पित्ताची घडण बिघडते, फुगलेल्या प्लीहेत तांबड्या पेशी अधिक प्रमाणात मोडतात, पित्ताशयही मंदावते. म्हणूनच सिऱ्होसिसच्या रुग्णांत पित्ताचे खडे इतरांपेक्षा अधिक आढळतात. ही माहिती आजची आहे. बेथोव्हेनच्या वैद्यांपाशी ती नव्हती. पित्ताशय काढून टाकण्याची पहिली शस्त्रक्रिया कार्ल लांगेनबुख यांनी बर्लिनमध्ये केली ती १८८२ साली.

मग हा मनुष्य या दुखण्यासह जगला कसा?

१८२१ च्या उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली. ती ओसरली, पण पोटाच्या जुन्या तक्रारी राहिल्याच. १८२५ च्या वसंतात तो पुन्हा अंथरुणाला खिळला. डॉ. ब्राउनहोफर यांनी कडक पथ्य सांगितले : मद्य नाही, कॉफी नाही, मसाले नाहीत. मे महिन्यात बाडेनहून त्याने या वैद्यांना जे पत्र पाठवले त्यात नाकातून वाहणाऱ्या रक्ताची आणि थुंकीतून पडणाऱ्या रक्ताची तक्रार आहे. यकृत खालावले की रक्त गोठवणारी द्रव्ये कमी पडतात, हे ठाऊक असलेल्या आजच्या वाचकाचे लक्ष त्या ओळीवर खिळते. त्याच पत्रासोबत त्याने एक विनोदी सुरावटही धाडली : वैद्यबुवा, मृत्यूसाठी दार लावून घ्या, अशा आशयाची! त्याच वर्षी पूर्ण झालेल्या ए मायनर चतुष्काच्या (ओपस १३२) संथ भागाला त्याने दुखण्यातून उठलेल्या माणसाचे ईश्वराप्रती कृतज्ञतागीत असे शीर्षक दिले. पुतण्याला लिहिलेल्या पत्रांत मात्र हाच माणूस चिडखोर, संशयी आणि थकलेला दिसतो. दोन्ही खरेच.

डिसेंबर १८२६ मध्ये भावाच्या गावाहून उघड्या गाडीतून, थंडीत, तो व्हिएन्नाला परतला आणि न्यूमोनियाने आजारी पडला. त्यातून जरा सावरतो तोच एका रात्री उलट्या-जुलाबांचा झटका आला. सकाळी डॉ. वावरुख यांना तो सर्वांगी पिवळा, यकृताच्या वेदनेने थरथरणारा आणि पाय सुजलेला आढळला. त्यांनी कारण नोंदवले : अनावर संताप आणि मनाला लागलेला अपमान. आपल्याला हे हास्यास्पद वाटू नये. ‘पित्त खवळणे’ हा वाक्प्रचार आपणही रोजच वापरतो. संताप आणि पित्त यांचे नाते मानणारे वैद्यक युरोपातही दीर्घकाळ नांदत होते.

पुढे २० डिसेंबर ते २७ फेब्रुवारी या काळात पोटातील पाणी चार वेळा छिद्र पाडून काढण्यात आले. भूल नव्हती, ती यायला अजून जवळपास वीस वर्षे होती. पहिल्या वेळी पाण्याची धार लागली तेव्हा, खडकावर काठी मारून पाणी काढणाऱ्या मोशेची आठवण त्याने काढली, असे वावरुख सांगतात.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बेथोव्हेनच्या संभाषणवह्यांत भेटीला येणारे लोक, वैद्यसुद्धा, प्रश्न लिहीत. तो उत्तरे बहुधा तोंडाने देई. त्यामुळे दुखते कुठे, असे विचारल्याचे पुरावे आपल्यापाशी आहेत. दुखत कुठे होते ते बव्हंशी हवेत विरले. ज्यांची साक्ष टिकली ते वैद्य. आणि वावरुख यांच्या वृत्तांतात त्याच्या मद्यप्रीतीचा ठळक उल्लेख आहे. पुढची जवळपास दोन शतके त्या आधारावर निकाल दिला गेला : प्यायला, म्हणून मेला.

२०२३ साली त्याच्या केसांच्या बटांवरून जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. तपासलेल्या आठ बटांपैकी पाचच अस्सल ठरल्या. शिशाच्या विषबाधेचा गाजलेला सिद्धान्त ज्या बटेवर उभा होता, ती तर एका स्त्रीची निघाली. (पुढील वर्षी अस्सल बटांतही भरपूर शिसे सापडले, तरी तेवढ्याने मृत्यू ओढवला नसता असे संशोधकांचे मत. इतिहास असा उलटसुलट चालतो.) मात्र मुख्य निष्कर्ष निराळा होता. यकृतरोगाचा जन्मजात धोका त्याच्या जनुकांत होता, आणि निदान अखेरच्या महिन्यांत तरी त्याला हेपटायटिस बीचा संसर्ग होता. हा विषाणू विज्ञानाला कळला १९६० च्या दशकात. मद्याचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. पण एकट्या मद्यावर खटला चालवणेही आता शक्य नाही.

हा धागा लिहिण्यामागे एक घरगुती कारण आहे. माझे मामा माळकरी. दारूला आयुष्यात शिवले नाहीत. हेपटायटिस बीने त्यांचे यकृत निबर झाले, पुढे पित्ताशयात खडे सापडले. आणि यकृताच्या या अवस्थेत शस्त्रक्रियेची जोखीम मोठी, म्हणून डॉक्टरांनी सध्या थांबायला सांगितले आहे. बिनतेलाची भाजी, बेताचे मीठ, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. भेटायला येणारा प्रत्येक जण मामीला बाजूला घेऊन हळूच विचारतो, “घ्यायचे का हो?” मामी उत्तर देत नाहीत, चहा ठेवतात.

ऑक्टोबर १८०२ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी पाऊल टाकण्याच्या सुमारास, बेथोव्हेनने हायलिगेनश्टाट येथे भावांच्या नावे एक पत्र लिहिले. माझ्या मृत्यूनंतर डॉ. श्मिट हयात असतील, तर त्यांना माझ्या व्याधीचे वर्णन लिहायला सांगा आणि ते या कागदाला जोडा, म्हणजे जगाचा माझ्याशी थोडा तरी समेट होईल, अशी त्यात विनवणी आहे. डॉ. श्मिट १८०९ मध्येच वारले. पत्रही कधी धाडले गेले नाही. ते मृत्यूनंतर त्याच्या कागदपत्रांत सापडले. २०२३ च्या अभ्यासामागे संशोधकांनी हीच विनवणी प्रेरणा म्हणून सांगितली आहे.