लाला ग्रंथींचा कर्करोग : पूर्वानुमानाचा इतिहास

लाळ स्रवणाऱ्या ग्रंथींमध्ये उद्‌भवणाऱ्या मारक अर्बुदांना (पेशींच्या अनिर्बंध वाढीने होणाऱ्या घातक गाठींना) ही संज्ञा लावतात. कानापुढील अनुकर्ण, जबड्याखालील अधोहनू व जिभेखालील अधोजिव्ह अशा या ग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या असून तोंड व घसा यांच्या अस्तरात शेकडो लहान ग्रंथी विखुरलेल्या असतात. डोके व मान यांच्या कर्करोगांत या रोगाचे प्रमाण साधारणतः ३ ते ६ टक्के आहे. रोग विरळा, पण त्याचे प्रकार वीसहून अधिक; त्यामुळे रुग्ण किती काळ जगेल याचा अंदाज, म्हणजेच पूर्वानुमान, बांधणे दीर्घकाळ अवघड गेले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास टेओडोर बिलरोट यांनी यांपैकी एका अर्बुदास ‘सिलिंड्रोमा’ असे नाव दिले. ते सावकाश वाढत असल्याने पुष्कळ काळ निरुपद्रवी मानले गेले. न्यूयॉर्क येथील फूट व फ्रेझेल यांनी १९५३ मध्ये मोठ्या ग्रंथींच्या अर्बुदांचे पद्धतशीर वर्गीकरण केले आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९७२ मध्ये आपले पहिले वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्याच शहरातील स्पायरो यांनी १९८६ मध्ये २,८०७ रुग्णांचा ३५ वर्षांचा आढावा मांडला. अशा दीर्घ नोंदींवरून सिलिंड्रोमाचे (ग्रंथिसम पुटीय कर्करोगाचे) खरे स्वरूप कळले. पाच वर्षांनंतर बहुतेक रुग्ण हयात असतात. परंतु पंधरा वर्षांनंतर निम्म्याहून कमी उरतात. तंत्रिकांच्या (मज्जांच्या) कडेने पसरत जाणारा हा रोग अनेक वर्षांनी फुप्फुसांत प्रकट होतो. पाच वर्षांची प्रचलित मोजपट्टी येथे अपुरी ठरते.

मुंबईतील परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील विकृतिवैज्ञानिक वसंत रामजी खानोलकर यांनी भारतातील कर्करोगाच्या संशोधनाचा पाया घातला. तोंडाच्या कर्करोगाशी तंबाखू चघळण्याचा संबंध स्पष्ट झाला असला, तरी लाला ग्रंथींच्या कर्करोगाबाबत तसा दिसत नाही. हिरोशिमा व नागासाकी येथील बाधितांत मात्र ही अर्बुदे अधिक आढळली. मुंबईत १९६३ मध्ये दरब जुस्सावाला यांच्या पुढाकाराने लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिची कक्षा बृहन्मुंबईची आहे. परिणामी अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक परिसरातील रहिवाशाने परळला उपचार घेतले, तर रुग्णालयाच्या दप्तरी त्याची नोंद होते. मात्र या नोंदणीच्या आकड्यांत तो येत नाही. ग्रामीण भागासाठी बार्शी येथे १९८७ मध्ये स्वतंत्र नोंदणी सुरू झाली.

पूर्वानुमान ठरविणारे घटक आता बरेचसे निश्चित झाले आहेत. रोगाची अवस्था सर्वांत महत्त्वाची होय : गाठ ४ सेंमी.पेक्षा मोठी असणे, आसपासच्या ऊतकांत शिरणे, मानेतील लसीका ग्रंथींत वा दूरच्या इंद्रियांत प्रक्षेप होणे ही प्रतिकूल लक्षणे होत. पेशींची उग्रता, उतारवय, चेहऱ्याचा लकवा आणि शस्त्रक्रियेनंतर कडेला रोग शिल्लक राहणे यांमुळेही जीवितकाल घटतो. अनुकर्ण ग्रंथीच्या सुमारे ८० टक्के गाठी साध्या असतात. ग्रंथी जितकी लहान, तितकी गाठ मारक असण्याची शक्यता अधिक. प्रगत रोगात शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या प्रारण चिकित्सेने स्थानिक पुनरुद्‌भव कमी होतो. २०१० मध्ये वर्णिलेल्या स्रावी कर्करोगातील विशिष्ट जनुकबदलावर २०१८ पासून नेमके औषधही मिळू लागले.

या रोगातील गाठ बहुधा दुखत नाही, म्हणून ती दुर्लक्षिली जाते आणि अनुकूल अवस्था निघून जाते. उपचारांनंतर पाच वर्षे निर्वेध गेली म्हणजे रुग्ण रोगमुक्त झाला, असेही धरता येत नाही. निदान पंधरा-वीस वर्षे, शक्यतो आयुष्यभर, नियमित तपासणी चालू ठेवणे इष्ट असते.