विजेचं माहेर

लोणावळ्याचं नाव काढलं की माणसाला चिक्की आठवते, धुकं आठवतं आणि भुशी धरणाच्या पायऱ्यांवर ओल्या विजारीत बसलेले आपले मेहुणे आठवतात. वीज कुणालाही आठवत नाही. वास्तविक लोणावळ्याने मुंबईला चिक्कीपेक्षा महागडं असं काही दिलं असेल तर ती वीज. पण वीज डब्यात घालून पाव्हण्यांना नेता येत नाही, त्यामुळे तिची जाहिरात झाली नाही.

इतिहासाकडे माणसं निरनिराळ्या वाटांनी जातात. कुणी मोडी कागदांतून जातो, कुणी ताम्रपटांतून. मावळातल्या माणसाने तर लोहगड-विसापूरवरूनच इतिहासात शिरायचं, असा अलिखित नियम आहे. मी शिरलो तो २५० व्होल्टच्या वाटेने. १९७४ साली मला व्हॉल्व्हचा एक प्रीॲम्प्लिफायर बांधायची लहर आली. प्रीॲम्प्लिफायर म्हणजे काय, हे मी तेव्हा घरातल्या प्रत्येकाला निदान तीनदा समजावून सांगितलं होतं. तुम्हाला एकदाच सांगतो. ग्रामोफोनच्या सुईकडून येणारा आवाज इतका बारीक असतो की मुख्य ॲम्प्लिफायरला तो ऐकूच येत नाही. मधे एक दुभाषा लागतो. सासरेबुवा बहिरे असले की सासूबाई कशा आपलं बोलणं त्यांच्या कानात ओरडून सांगतात, तसा.

तेव्हा ट्रान्झिस्टर येऊन जुना झाला होता. पण पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी व्हॉल्व्ह मात्र कांद्यांसारखे पसरलेले असत. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचेही मिळत. ईसीसी ८३ नावाचे दोन व्हॉल्व्ह मी घेतले. काचेच्या बरणीएवढा आनंद आणि करंगळीएवढी वस्तू! घरी येऊन पाहतो तर त्यांना जेवायला दोन प्रकारची वीज लागते. तंतू तापवायला ६.३ व्होल्ट, आणि वर २५०-३०० व्होल्टची सरळ वीज. सरळ म्हणजे अगदी सरळ; एकाच दिशेने, न डुचमळता वाहणारी. आणि आपल्या भिंतीतल्या प्लगमधून येते ती सेकंदाला ५० वेळा पुढेमागे करणारी. पन्नासदा हो म्हणायचं आणि पन्नासदा नाही. ही वीज सरळ कशी करायची, या प्रश्नाला पॉवर सप्लाय म्हणतात.

मी आधी स्वभावाप्रमाणे पुस्तकं आणली. पुस्तकात लिहिलं होतं: व्हॉल्व्हचा शोध इंग्लंडात जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंगने १९०४ साली लावला. साहेबाने त्याला व्हॉल्व्ह म्हटलं, कारण नळाच्या झडपेसारखा तो वीज एकाच बाजूला जाऊ देतो, उलटी येऊ देत नाही. आता गंमत पाहा. त्याच १९०४ च्या मे महिन्यात जमशेटजी टाटा वारले, आणि मागे ठेवलेल्या अर्धवट मनोरथांत एक होता तो आमच्या लोणावळ्याचा. मुंबईच्या डेव्हिड गॉस्लिंग नावाच्या इंजिनियराने त्यांच्या डोक्यात भरवून दिलं होतं की घाटावर पडणारा पाऊस अडवावा, कोकणात सोडावा आणि त्या पडण्याच्या जोरावर मुंबईच्या गिरण्या चालवाव्यात. गिरण्या तेव्हा कोळशाच्या धुराने काळ्या झाल्या होत्या. पुढे दोराबजींनी हे काम तडीस नेलं. १९१० साली कंपनी निघाली. १९११ च्या फेब्रुवारीत गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्याला कोनशिला बसवली, आणि १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं. पैसा बराचसा संस्थानिकांचा आणि देशी शेटियांचा होता, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

इथवर वाचलं आणि मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाऊस होता. लोणावळ्यात बाहेर दुसरं काही नसतंच. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. उरलेले आठ महिने कोरडे ठाक. आता गिरणी काही चार महिने चालवून आठ महिने बंद ठेवता येत नाही. म्हणजे जमशेटजींच्या इंजिनियरांपुढे जो प्रश्न होता तोच माझ्यापुढे होता! येणारं ते धक्क्याधक्क्याने येतं, आणि हवं आहे ते संथ आणि एकसारखं.

त्यांनी काय केलं? तळी बांधली. लोणावळा, वळवण, शिरोता. शिरोत्याचं पाणी बोगद्यातून वळवणला, तिथून पाटाने खंडाळ्याच्या टोकाला, आणि तिथून लोखंडी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीच्या चाकांवर. पावसाने कितीही धिंगाणा घालो, चाकापर्यंत पोहोचताना पाणी शहाणं झालेलं असतं. माझ्या चासीवर मी हेच केलं, फक्त तळ्यांच्या जागी कंडेन्सर. ट्रान्सफॉर्मर २५०-०-२५०, पुढे ईझेड ८० हा रेक्टिफायर व्हॉल्व्ह, आणि त्याच्यापुढे ३२ मायक्रोफॅरडची एकामागून एक तीन तळी. दोन तळ्यांना जोडणारे पाट म्हणजे रेझिस्टन्स: पहिला १० हजार ओहमचा, दुसरा २२ हजारांचा.

हिशेब ज्यांना आवडत नाही त्यांनी हा परिच्छेद गाळावा. माझी हरकत नाही, आमच्या सौभाग्यवतीही गाळतात. २५० व्होल्टचं शिखर ३५३ व्होल्ट. व्हॉल्व्हने आपली दलाली कापून घेतली की पहिल्या तळ्यात सुमारे ३४० उरतात. सगळी मागणी मिळून ५ मिलिॲम्पियर. त्यामुळे पहिल्या तळ्याची पातळी सेकंदाला १०० वेळा सुमारे दीड व्होल्टने खालीवर होते. दीड व्होल्ट म्हणजे फार नाही असं वाटेल. पण चांगल्या सुईकडून येणारा आवाजच मुळी ५ मिलिव्होल्टचा. म्हणजे गाणाऱ्यापेक्षा तंबोरा तीनशेपट मोठा! पहिला पाट ओलांडला की ही लाट दोनशेपट लहान होते, दुसरा ओलांडला की आणखी चारशेपट. शेवटच्या तळ्यात व्होल्ट उरतात २७० च्या आसपास, आणि लाट मिलिव्होल्टच्याही खाली जाते. मधे सत्तर व्होल्ट पाटांत जिरले. कालवा म्हटला की गळती आलीच.

पहिल्या तळ्यावर २ लाख २० हजार ओहमचा एक रेझिस्टन्स मी नुसता आडवा टाकून ठेवला होता. तो काही काम करत नाही, फक्त वीज गळवतो. पण यंत्र बंद केल्यावर कंडेन्सरांत साडेतीनशे व्होल्ट दबा धरून बसतात, ते मिनिटभरात रिकामे करण्याचं पुण्य त्याचं. भरलेलं धरण आणि भरलेला कंडेन्सर यांच्यापाशी वरून शांतता असते म्हणून हात घालू नये.

धरणाच्या उपमेवर मी फार खूश होतो. इतका की एक दिवस ती आजीला सांगायला गेलो.

आजी आंदर मावळातली. टाटांची दुसरी कंपनी १९१६ साली निघाली, तिने आंद्रा नदीवर ठोकरवाडीला धरण बांधलं आणि १९२२ साली भिवपुरीला वीज काढली. कंपनीचं नाव इंग्रजीत झालं ‘आंध्र व्हॅली’. परगावचे लोक अजून समजतात की ही कंपनी हैदराबादेकडची! ज्या खोऱ्यात ती नदी होती तिथे आजीचं माहेर होतं. होतं म्हणजे, अजून आहे, पाण्याखाली. मी तिला तीन तळी, दोन पाट असं सगळं कौतुकाने सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “आन् बुडलं काय काय रं, तुज्या तळ्यात?”

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच सर्किटच्या नकाशात दाखवत नाहीत.

मग मी उरलेला इतिहास वाचला. तिसरं धरण मुळशीचं. मुळशी आज मावळ तालुक्यात नसली तरी जुन्या बारा मावळांच्या हिशेबात ती मावळच. तिथे बावन्नएक गावं जायची होती. शिवाजीमहाराजांच्या पायदळाचे वंशज, भातखाचरं धरून बसलेले. ते उठायला तयार होईनात. १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापटांनी त्याचं पुढारपण केलं, त्यातूनच त्यांना ‘सेनापती’ हे नाव चिकटलं. धरणाविरुद्धच्या जगातल्या पहिल्यावहिल्या लढ्यांत तो गणला जातो. तीन वर्षं चालला आणि हरला. १९२७ साली भिऱ्याला वीज निघाली. बऱ्याच जमिनी आधीच पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या, त्यामुळे भरपाईच्या पैशाची वाटही सावकाराच्या ओट्यावरून जात होती. तोही एक रेक्टिफायरच. एकाच दिशेने जाऊ देणारा.

आणि पाणी? इंद्रायणी कुरवंड्यापाशी उगवते, ती खरी देहू-आळंदीची, पूर्वेच्या समुद्राची. तिच्या वरच्या अंगाचं पाणी अडवून घाटाखाली पश्चिमेला उतरवलं आणि पाताळगंगेत सोडलं. नदीची दिशाच बदलली. ही वीज मावळासाठी नव्हतीच. ती तारांवरून मावळ्यांच्या डोक्यावरून थेट मुंबईला जायची. आमच्याकडे येणारी वीज वळवणची, भिवपुरीची की आणखी कुठली, हे मला विचारू नका. एकदा सगळ्या तारा एकमेकींत गुंतल्या की विजेचं गोत्र सांगता येत नाही.

घाटातल्या रेल्वेनेही हाच उद्योग माझ्याआधी पंचेचाळीस वर्षं केला होता. १९२९ साली पुण्यापर्यंतची लाइन विजेची झाली ती १५०० व्होल्टच्या सरळ विजेवर. तिच्यावर ‘खेकडा’ म्हणून ओळखलं जाणारं मालगाडीचं इंजिन होतं, लांबोडकं, कण्हत कण्हत चढणारं. पण घाट उतरताना ते वीज तारेत परत देत असे. घेतलेलं परत देणारं एवढं एकच यंत्र या साऱ्या हकिकतीत मला भेटलं, म्हणून त्याचा उल्लेख. आता तेही गेलं आणि ती सरळ वीजही गेली.

दिवाळीच्या सुमारास माझा प्रीॲम्प्लिफायर तयार झाला. चालू केला, तर घुंऽऽ! कंडेन्सरांचा यात दोष नव्हता, हिशेब चोख होता. हा घूं वेगळा, शंभराचा नव्हे, पन्नासाचा. तंतू तापवणाऱ्या ६.३ व्होल्टच्या तारेतून झिरपणारा. आजी दारात येऊन उभी राहिली. “काय वराडतंय?” मी म्हटलं, “आजी, वीज आहे ती. धरणाची.” ती थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, “आसंच वाजायचं. पाणी चडत हुतं तवा रातचं आसंच वाजायचं.” आणि ती खाली बसली. मीही बसलो. त्या रात्री तबकडी लावलीच नाही.

पुढच्या आठवड्यात मी तंतूच्या दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळल्या, ट्रान्सफॉर्मर काटकोनात फिरवला, आणि तंतूचा मधला बिंदू जमिनीला न जोडता चाळीसएक व्होल्ट वर उचलून ठेवला. पुस्तकात तसंच सांगितलं होतं. घूं गेला. इतका की कान लावला तरी ऐकू येईना. नाट्यगीतं आजोबांच्या काळातल्यापेक्षा स्वच्छ वाजू लागली. फक्त आजीची तक्रार सुरू झाली की हे चालू आहे की बंद हे आता कळतच नाही. म्हणून मग समोरच्या पत्र्याला भोक पाडून ६.३ व्होल्टचा एक तांबडा दिवा बसवला. रेकॉर्ड संपल्यावरही ती तो मला बराच वेळ बंद करू देत नसे.