शिवेवरचं नाव

'बॉर्डरलाइन' हा शब्द आपल्या घरांत आधीच रुळलेला आहे. शुगर बॉर्डरलाइनला आहे, म्हणजे अजून झालेली नाही. गोड जरा बेतानं खा. त्यामुळे मुलीच्या फाइलवर 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर' लिहिलेलं पाहून आईवडिलांना हायसं वाटू शकतं: थोडक्यात निभावलं. हा गैरसमज मला फार जाचतो. या नावातली रेषा सौम्य आणि गंभीर यांच्यामधली नाहीच.

ती आखली मनोविश्लेषकांनी. त्यांच्या लेखी मनोविकारांची दोन गावं होती. न्यूरोसिसमध्ये मन बेचैन, पण वास्तवाचं भान शाबूत. सायकोसिसमध्ये ते भानच सुटतं. 1938 साली न्यूयॉर्कच्या अ‍ॅडॉल्फ स्टर्न यांनी दोन्हींत न मावणाऱ्या रुग्णांवर निबंध लिहिला आणि त्यांना 'बॉर्डर लाइन' गट म्हटलं. शिवेवरची माणसं. त्याच निबंधात त्यांनी या रुग्णांच्या मनाच्या रक्तस्रावाबद्दल लिहिलं होतं. नाव त्यावरून पडायला हवं होतं.

कारण दुखणं तसंच असतं. मेसेजवर दोन निळ्या टिका दिसतात, वीस मिनिटं उत्तर नाही. आपण फोन ठेवून कुकर लावतो. हा आजार असलेल्या मुलीच्या लेखी तेवढ्यात नातं संपलेलं असतं. सकाळी देवासारखा वाटलेला मित्र दुपारी वैरी होतो आणि रात्री सगळा राग स्वतःवरच उलटतो, कधी स्वतःला इजा करण्यापर्यंत.

1980 मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम-3 या सूचीत हे निदान अधिकृत झालं. न्यूरोसिस हा वर्ग त्याच आवृत्तीनं मोडीत काढला. एक गावच उठलं, शीव मात्र राहिली.

कारणांच्या शोधात आधी बोट आईकडे गेलं. मग 1989 मध्ये ज्युडिथ हर्मन आणि सहकाऱ्यांनी तपासलेल्या रुग्णांपैकी 81 टक्के जणांनी बालपणीचे गंभीर आघात सांगितले. पण सगळ्यांनी नाही. स्वीडनमधल्या मोठ्या कुटुंब-अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा 46 टक्क्यांच्या आसपास निघाला. मला सगळ्यात पटते ती मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनहान यांची मांडणी: जन्मतःच हळवं मन आणि त्या हळवेपणावर विश्वास न ठेवणारा भोवताल, दोन्ही एकमेकांना चिघळवत जातात. 'एवढं काय झालं रडायला?', 'नाटकं पुरे' ही वाक्यं आपल्याकडे मायेची माणसंच बोलतात, मारहाण न करता.

लिनहान यांनी या आजारासाठी डीबीटी ही उपचारपद्धती घडवली. 2011 साली हार्टफर्डच्या एका मनोरुग्णालयात त्यांनी जाहीरपणे सांगितलं की सतराव्या वर्षी, 1961 मध्ये, त्या स्वतः तिथेच दाखल होत्या. तेव्हा त्यांचं निदान झालं होतं स्किझोफ्रेनिया.