सरकीच्या तेलाची गोष्ट



सरकी आपल्या ओळखीची. कापूस विकायचा, सरकीची पेंड गुरांना घालायची. याच सरकीतून एकदा पुरुषांसाठी गर्भनिरोधक गोळी निघता निघता राहिली. आज आम्ही तिचा इतिहास सांगतो.

चीनमधल्या जिआंगसू प्रांतात काही गावांत लोक सरकीचं कच्चं तेल रोजच्या जेवणात खाऊ लागले. सरकी न तापवताच तेल गाळलेलं असे. माणसांना थकवा येई. बायांची पाळी बंद झाली, घरोघरी पाळणा हलेना. 1957 साली लिऊ बाओशान यांनी याचा दोष त्या तेलाला दिला. म्हणजे मूल न होण्याचं कारण बाईच्या नशिबात नव्हतं, कढईत होतं. आणि ते पुरुषांनाही लागू होतं.

सरकीत गॉसिपॉल नावाचा पिवळा पदार्थ असतो. किडीपासून झाडाचं रक्षण करणारा. तो पुरुषाचे शुक्रजंतू कमी करतो. 1972 पासून चीनमध्ये 8000 हून जास्त पुरुषांना याच्या गोळ्या देऊन पाहिल्या. 99 टक्के गुण आला. पण काहींच्या रक्तातलं पोटॅशियम उतरलं, हातपाय लुळे पडले. गोळी थांबवल्यावरही काहींचे शुक्रजंतू परत आलेच नाहीत. म्हणून 1980 च्या दशकात हे काम मागे पडलं.

बायकांची गोळी अमेरिकेत 1960 साली मंजूर झाली. तिचेही त्रास होते, पण मात्रा कमी करत ती सुधारली. पुरुषांची गोळी अजून बाजारात नाही. ओझं कुणावर आलं? 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत भारतात 100 विवाहित स्त्रियांमागे सुमारे 38 जणींची नसबंदी झालेली होती. पुरुषांच्या नसबंदीवर विसंबलेली जोडपी हजारात फक्त तीन.

दुकानातल्या रिफाइंड सरकी तेलातून गॉसिपॉल काढलेलं असतं, त्याची भीती नको. मात्र सरकी किंवा कुठलीही जडीबुटी घरच्या घरी नवऱ्याला देऊ नका. पुरुष नसबंदी बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी असते. त्यानंतर तीन महिने निरोध वापरावा लागतो. आणि मूल होत नसेल, तर तपासणी दोघांची करा. गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय नक्की काढा, बायांनो. घरीही काढा.