जहाजाचे गुण माणसाला

द्रोणागिरीत राहणाऱ्याला जहाजांचं अप्रूप नसतं, न्हावा-शेव्याच्या धक्क्याला ती रोजच लागलेली असतात. तरीही 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून एकेक पात्र होऊन खेळायच्या खेळाच्या इतिहासात ड्रॅगनपेक्षा मला जास्त धरून ठेवतात त्या युद्धनौका.

अमेरिकेतल्या मिनेसोटात काही तरुण टेबलावर छोटे सैनिक मांडून नेपोलियनच्या काळातल्या लढाया खेळत. 1969 मध्ये डेव्हिड वेस्लीनं ब्राउनस्टाइन नावाचं काल्पनिक गाव रचलं आणि काही खेळाडूंना पलटणीऐवजी एकेक माणूस दिला. कुणी नगराध्यक्ष झाला, कुणी बँकवाला. लढाई राहिली बाजूला, जो तो कोपऱ्यात जाऊन कारस्थानं शिजवू लागला. वेस्लीला वाटलं, डाव फसला. खेळाडू मात्र पुन्हा तसाच डाव मागू लागले.

त्यांच्यातल्या डेव्ह आर्नसननं ब्लॅकमूर नावाचा मुलूख उभा केला, किल्ल्याखाली भुयारं काढली. त्याच्याकडे बैठक उठली तरी पात्र संपत नसे. पुढच्या खेपेला ते अनुभव गाठीशी बांधून परत येई. लढाईचे नियम मात्र जुनेच, एका फटक्यात माणूस खलास. जीव लावलेलं पात्र असं जाणं कुणालाच सोसेना. तेव्हा आर्नसननं अमेरिकन यादवी युद्धातल्या चिलखती नौकांच्या खेळातला हिशेब उचलला. जहाज किती मार खाऊन तरंगत राहील, याचे त्यात गुण असत. तेच त्यानं माणसाला दिले. हे हिट पॉइंट! उरण लोकलमध्ये बीजीएमआय खेळणाऱ्या पोराच्या मोबाइलवर जीवाची जी पट्टी घटत जाते, तिचं मूळ इथं आहे.

गॅरी गायगॅक्सनं आर्नसनच्या साथीनं हे सगळं लिहून काढलं. 1974 मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या नावानं टीएसआर कंपनीची तीन पुस्तिकांची पेटी निघाली. पहिल्या छपाईत प्रती हजार, किंमत दहा डॉलर. नियम विस्कळीत होते आणि माझ्या मते तेच या छंदाच्या पथ्यावर पडलं. ज्याला पटले नाहीत, तो स्वतःचे लिहायला बसला. केन सेंट आंद्रेनं 1975 मध्ये साध्या सहा बाजूंच्या फाशांवर चालणारा 'टनेल्स अँड ट्रोल्स' काढला. 1978 च्या 'रूनक्वेस्ट'नं पात्राच्या चढत्या पायऱ्या, म्हणजे लेव्हलच काढून टाकल्या. 1981 मध्ये सँडी पीटरसनच्या 'कॉल ऑफ क्थुलू'नं मनालाही गुण दिले: अघोरी काही दिसलं की मनाचा तोल ढळत जातो, आणि सत्य जितकं कळतं तितका माणूस ढासळतो. नौकेचा हिशेब मनापर्यंत नेणारी ही कल्पना मला या साऱ्या परंपरेतली सर्वांत धाडसी वाटते.

2000 पासून मूळ खेळाचे गाभ्याचे नियम खुल्या परवान्यानं इतरांना वापरता येऊ लागले. 2023 च्या जानेवारीत तो परवाना बदलण्याचा घाट घातला गेला, तेव्हा जगभरचे खेळाडू खवळले. त्याच महिन्यात पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळे झाले. स्वतःचे नियम जोडून खेळणाऱ्या आमच्यासारख्यांना याचं मोल फार आहे.

रविवारी आम्ही खेळतो तो मुलूख करंजाचा, काळ 1739 चा, मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून द्रोणागिरी किल्ला घेतला तेव्हाचा. भाची डीएम, म्हणजे डाव चालवणारी असते. "मामा, भरती लागली, किल्ल्यावरून तुला बघितलंय. काय करतोस?" असं ती विचारते आणि टेबल गप्प होतं. पुस्तकात तांडेल नावाचा क्लास, म्हणजे पात्राचा पेशा नाही, म्हणून तिनं तो स्वतः लिहिलाय: वारा ओळखणं, खडक चुकवणं, रात्री होडी हाकणं. तिसऱ्या लेव्हलला त्याला काय मिळावं, यावर सध्या आमचं भांडण चालू आहे.