तुटण्याआधी बोलणारा धागा

अक्कलकोट रोड एमआयडीसीत व्याख्यानाला या, असा निरोप आला तेव्हा मी म्हटलं, टॉवेल विणणाऱ्या मंडळींना तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं काय सांगायचं? मग येताना एका कारखान्यात डोकावलो. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ पत्ती लटकत होती. धागा तुटला, पत्ती खाली पडली, माग थांबला. कामगारानं गाठ मारली, माग पुन्हा सुरू. मला विषय मिळाला.

मागाला धागा तुटल्यावर कळलं तरी चालतं. विमानाला चालत नाही. आज आपण याच फरकाचा इतिहास पाहणार आहोत.

विमान सोलापूरला परकं नाही बरं का. इथेच १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये, म्हैसूर संस्थानाच्या साथीनं, बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी केली. तेव्हा विमानाची तपासणी मुख्यतः डोळ्यांनी आणि हातानं होई.

पुढे जेट प्रवासी विमानं आली. १९५४ च्या जानेवारीत एक ब्रिटिश कॉमेट विमान एल्बा बेटाजवळ आकाशातच फुटलं, एप्रिलमध्ये दुसरं नेपल्सजवळ. मिळून ५६ माणसं गेली. इंग्लंडमध्ये फार्नबरोला एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवलं, आतला दाब पुन्हापुन्हा वाढवला-उतरवला. शेवटी कवच खिडकीच्या कोपऱ्यापाशी फाटलं. धातू थकतो, हे रेल्वेच्या चाकांच्या आसांवरून एकोणिसाव्या शतकातच माहीत होतं. पण ‘धातू थकतो’ हे एक ज्ञान, आणि ‘या विमानाचा हा कोपरा आज थकला आहे’ हे दुसरं. दुसरं कुणाजवळच नव्हतं.

२८ एप्रिल १९८८. हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या बोईंग ७३७ चं छत २४ हजार फुटांवर उडून गेलं. विमानाची जवळपास ९० हजार उड्डाणं झाली होती. एक हवाई सेविका मरण पावली. चौकशीत एका प्रवासी बाईंनी सांगितलं की, विमानात चढताना त्यांना भेग दिसली होती. पण त्या कुणाला बोलल्या नाहीत. म्हणजे प्रत्यक्ष ज्ञान होतं, पण पोचलं नाही!

आता आपल्या धाग्याकडे येऊ. १९७८ साली कॅनडात ओटावाला केनेथ हिल यांना आढळलं की, लेसरच्या प्रकाशानं काचतंतूच्या आत कायमची जाळी उमटते. १९८९ मध्ये मेल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी ती बाहेरून, अतिनील किरणांनी, हवी तिथं उमटवण्याची रीत दाखवली. ही जाळी प्रकाशाची एकच तरंगलांबी परत पाठवते. तंतू ताणला की ती लांबी किंचित बदलते. केसासारखा हा तंतू पंखाला चिकटवला की, पंख किती ताणला गेला ते उड्डाणातच कळतं. त्यातून वीज वाहत नाही, म्हणून आसपासच्या विद्युत यंत्रांचा त्याला त्रास नाही. नासानं २००८ मध्ये इखाना या मानवरहित विमानाच्या पंखांवर असे सहा तंतू लावले आणि २००० हून अधिक ठिकाणचं मोजमाप घेतलं. आपल्याकडे बंगळुरातच, वालचंदांच्या कारखान्याच्या गावी, राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेनं निशांत या मानवरहित विमानावर हे तंत्र उडवून पाहिलं.

पण थांबा. तापमान वाढलं तरीही ती तरंगलांबी बदलते. एका अंशाचा फरक हा दशलक्षात सात-आठ भाग ताणासारखा दिसतो. न्यायशास्त्रात अशा खुणेला सव्यभिचार हेतू म्हणतात. आग दिसली, म्हणून धूर असेलच असं नाही. म्हणून शेजारी ताण न घेणारी दुसरी जाळी ठेवतात. ती फक्त तापमान सांगते, मग वजाबाकी करायची.

आणि एवढं करूनही तंतू बोलतो ते जिथं चिकटवला तिथलंच. कुठं चिकटवायचा आणि आकडा वाढला तर विमान जमिनीवर ठेवायचं की नाही, हे माणसानंच ठरवायचं. उड्डाण रद्द केलं तर पैसे जातात, हे त्या तंतूला माहीत नसतं, आपल्याला असतं. अलोहाच्या त्या बाईंसारखं आपणही भेग बघून गप्प बसू शकतो.

तुमच्या कारखान्यात पत्ती पडली की माग आपोआप थांबतो, कुणाला धीर गोळा करावा लागत नाही. विमानाच्या बाबतीत तो धीर अजून माणसालाच करायचा आहे.