भावाच्या वयाचा प्रश्न

१८८४ च्या औरंगाबाद जिल्हा गॅझेटियरात देवगिरीजवळच्या खुलताबादच्या दर्ग्यांचं वर्णन आहे. त्यात एक छोटीशी हकिकत येते. दिल्लीत शेख निजामुद्दीन औलिया आपले मुरीद, म्हणजे शिष्य, बुऱ्हाणुद्दीन गरीब यांना त्यांच्या भावाच्या वयाबद्दल काहीतरी विचारतात. भाऊ तेव्हा दूर देवगिरीच्या मुलखात असतो, त्याच शेखांच्या आज्ञेवरून गेलेला. प्रश्नाचा रोख बुऱ्हाणुद्दीनना तत्काळ कळतो: भाऊ आता नाही, आणि त्याची जागा आपल्याला चालवायची आहे. हा भाऊ म्हणजे मुंतजबुद्दीन, खुलताबादकरांचे जरजरी जरबक्ष.

हकिकत अशी आहे की ऐकणारा गप्प होतो. रडणं, सांत्वन यांना तिच्यात जागाच नाही; दुःख आणि हुकूम एकाच वाक्यातून आले आहेत. पण ती खरी मानायची तर आधी सालं मांडून पाहायला हवीत.

मुंतजबुद्दीन यांच्या निधनाचं परंपरेनं चालत आलेलं साल हिजरी ७०९, म्हणजे इ.स. १३०९. तेव्हा देवगिरीच्या गादीवर रामदेवराय यादवच होता. त्याच्या आदल्याच एक-दोन वर्षांत सेनापती मलिक काफूरनं त्याला दिल्लीला नेलं होतं आणि सुलतान अलाउद्दीन खलजीनं ‘रायरायान’ असा किताब देऊन मांडलिक म्हणून परत पाठवलं होतं. देवगिरी खालसा झाली ती १३१८ साली. म्हणजे हा फकीर ज्या मुलखात वारला, तिथं दिल्लीचा कारभार अजून बसलेला नव्हता. दोघा भावांचं मूळ गाव हांसी, आजच्या हरियाणातलं. एक भाऊ पीराच्या पायाशी दिल्लीत, दुसरा पीराच्या कामासाठी दक्षिणेत. पुढे सुमारे पंचवीस वर्षांनी आलेल्या प्रवासी इब्न बतूतानं दिल्ली ते दौलताबाद, म्हणजे देवगिरी, ही चाळीस दिवसांची वाट असल्याचं लिहिलं आहे.

इतक्या लांबून बातमी यायची कशी? इथं इतिहासकार झियाउद्दीन बरनी कामाला येतो. त्याची ‘तारीख-ए-फिरोजशाही’ १३५७ ची, आणि तो स्वतः निजामुद्दीनांचा मुरीद. याच हिजरी ७०९ साली काफूर वारंगळवर गेला. दिल्लीपासून डाकेच्या चौक्या बसवल्या होत्या, तरी तेलंगणातली वाट तुटली आणि फौजेची खबर येईना. तेव्हा बेचैन झालेल्या अलाउद्दीननं दोन माणसं निजामुद्दीनांकडे पाठवली. शेखांनी विजयाची ग्वाही दिली आणि लवकरच जासूद तीच बातमी घेऊन आले, असं बरनी सांगतो.

मला हा दुवा फार मोलाचा वाटतो. दक्षिणेची वाट बंद आहे आणि डाकेआधी शेखांना कळलं आहे, हा घाट चौदाव्या शतकातच, त्याच वर्षाच्या संदर्भात, लिहून ठेवलेला आहे. गॅझेटियरातली हकिकत त्याच घाटाची आहे. सुलतानाला फौजेची खबर मिळते, मुरीदाला भावाच्या मृत्यूची. त्यामुळे ती एका विशिष्ट दिवसाची नोंद म्हणून मी वापरणार नाही. ज्यांना हजार-अकराशे किलोमीटरवरच्या आप्तांची खुशाली महिनोन्‌महिने कळत नसे, त्या माणसांनी ही हकिकत जपली, एवढं मात्र तिच्यावरून नक्की म्हणता येतं.

बुऱ्हाणुद्दीनांच्या सर्वांत जवळचे कागद म्हणजे त्यांच्या मजलिशींची टिपणं. ती लिहिली काशानी घराण्यातल्या तीन सख्ख्या भावांनी, रुकनुद्दीन, हम्माद आणि मजदुद्दीन यांनी. रुकनुद्दीनची ‘नफाइसुल अनफास’ सुरू होते १३३२ च्या सुमारास. मुंतजबुद्दीनना जाऊन तेव्हा वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. दिल्लीतल्या त्या प्रश्नाच्या वेळी यांपैकी कुणीही दौत-लेखणी घेऊन बसलेला नव्हता.

बुऱ्हाणुद्दीनांच्या शोकाचं ठसठशीत वर्णन सापडतं ते दुसऱ्याच प्रसंगाचं. ते मीर खुर्दच्या ‘सियरुल औलिया’ या चिश्ती संतांच्या चरित्रग्रंथात आहे. म्हातारपणी बुऱ्हाणुद्दीन घोंगडीची घडी करून तिच्यावर बसत. शेखांच्या कानावर गेलं ते असं, की हे आता पीराच्या थाटात बसू लागले आहेत. शेखांची मर्जी उतरली, आणि खानकाह सोडून जाण्याचा निरोप आला. बुऱ्हाणुद्दीन घरी जाऊन सुतक पाळावं तसे बसले आणि लोक समाचाराला येऊन त्यांच्यासोबत रडले. शेवटी कवी अमीर खुसरो गळ्यात पगडी अडकवून शेखांपुढे उभे राहिले, तेव्हा क्षमा मिळाली. जिवंत पीराच्या नाराजीनं जो माणूस असा कोसळतो, तो भावाच्या मृत्यूनंतर कोरडा राहिला असेल हे मला पटत नाही. पण त्या जगात लिहून ठेवण्याजोगं दुःख पीराशी बांधलेलं होतं. रक्ताच्या नात्याचं दुःख घरात राहिलं, ग्रंथात आलं नाही.

हकिकतीचा शेवटचा दावा, म्हणजे शेखांनीच बुऱ्हाणुद्दीनना भावाच्या जागी पाठवलं हा, मात्र सालांपुढे टिकत नाही. निजामुद्दीन वारले १३२५ मध्ये. मुहम्मद तुघलकानं दिल्लीतल्या प्रतिष्ठित मुसलमानांना, त्यात सूफी आणि उलेमाही आले, दौलताबादला हलवलं ते १३२७ ते १३२९ च्या सुमारास, आणि बुऱ्हाणुद्दीन दक्षिणेत आले ते या स्थलांतरात. जन्मसाल परंपरेप्रमाणे १२५६ धरलं तर सत्तरी ओलांडल्यावर. पाठवणारा पीर हयात नव्हता, पाठवणारा होता सुलतान. आणि भावाची कबर तोवर जुनी झाली होती.

ही वीस वर्षं कथेनं पुसून टाकली ती का, याचं माझं उत्तर असं: सुलतानाच्या हुकमानं म्हातारपणी मुळासकट उपटून आणलेल्या माणसांना इथं येण्याचं आपलं, स्वतःचं कारण हवं होतं. अभ्यासक कार्ल अर्न्स्ट यांनी १९९२ च्या ‘इटर्नल गार्डन’मध्ये दाखवलं आहे की हे सूफी धर्मप्रसारासाठी चालून आले, हे चित्र नंतरच्या काळात रंगलं, सुरुवातीची टिपणं त्याला दुजोरा देत नाहीत. भावाच्या कथेचाही मी त्याच चिकित्सेनं विचार करतो. तिनं तुघलकाला बाजूला सारलं आणि त्याच्या जागी एक मेलेला भाऊ आणून ठेवला. बुऱ्हाणुद्दीन १३३७ मध्ये वारले. त्यांचा दर्गा खुलताबाद गावात आहे. मुंतजबुद्दीनांचा गावाच्या उत्तर वेशीबाहेर, मलिक अंबरच्या मकबऱ्याकडे जाताना. हांसीची ही दोन्ही मुलं इथल्याच मातीत आहेत, आणि त्यांतल्या एकाला इथं कुणी आणलं याबद्दल खुलताबादनं इतिहासापेक्षा वेगळी साक्ष देणं पसंत केलं.